नोकरी गेलेल्या घरात उपकारस्तुती: नाशिकच्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे मांडलं आहे. नावं दिलेली नाहीत. घरातल्या नवराबायकोला मी भाऊ आणि ताई म्हणेन, भाऊंच्या आईला आजी. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, घरभेटीच्या कामामुळे या घरात माझं येणंजाणं होतं, त्यामुळे बरंचसं डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं त्यांनी नंतर बसून सांगितलं.

पाळक (पास्टर), मंडळीचा कारभार पाहणारे वडील, महिला मंडळ, संडे स्कूलचे शिक्षक अशा सगळ्यांना लोकांना सांगावं लागतं की रोज उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून ठेवते. या घरात आभार मानायची सवय लागली ती तक्रारीला तोंड उघडू दिल्यानंतर. त्याआधी जे चाललं होतं ते सवय लावण्यासाठीच होतं, पण त्याने घरातली प्रार्थना बंद पडायची वेळ आली होती.

पार्श्वभूमी

कुटुंब सातपूर भागात राहतं. घरात पाच माणसं. भाऊ पन्नाशीच्या अलीकडचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनची जुळणी करणारे सेटर होते. ताई खासगी रुग्णालयात नर्स. सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ, रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. आजी शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या.

प्रार्थना या घराला नवी नव्हती. संध्याकाळी सात वाजता कौटुंबिक प्रार्थना, एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग आजींची लांब प्रार्थना, हा क्रम भाऊंच्या लहानपणापासूनचा. ताईंच्या पाळ्या आणि मुलीचे क्लास सुरू झाल्यावर सातच्या प्रार्थनेला बहुतेक वेळा आजी आणि नातू एवढेच उरत. जेवणाआधीची प्रार्थना मात्र टिकून होती. एकच ठरलेलं वाक्य, सगळ्यांनी मिळून, एका दमात, आणि 'आमेन'च्या आत पोळीला हात.

मग भाऊंच्या कारखान्याला मोठ्या कंपनीकडून मिळणारं काम कमी झालं. मालकाने माणसं कमी केली. भाऊंना एका महिन्याचा पगार हातात देऊन थांबवलं. घराचा हप्ता, क्लासची फी, आजींची रक्तदाबाची औषधं, सगळं ताईंच्या पगारावर आलं.

त्याच सुमारास महिला मंडळाने एक उपक्रम घेतला. एकवीस दिवस, एक वही, रोज देवाचे तीन उपकार लिहायचे, खाली एक वचन, आणि शेवटच्या रविवारी मंडळीपुढे साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. पहिल्या पानावर पहिलं थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन होतं: 'सर्व स्थितींत उपकारस्तुती करा.'

अडचण

पहिल्या आठवड्यात ताईंना वहीचा फायदा झाला. रात्रपाळीत दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्या लिहीत आणि मन शांत होई, असं त्या सांगतात. म्हणून त्यांनी वही घरी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. सगळ्यांनी लिहायचं, असं ठरवलं. त्यांचा हेतू सरळ होता: घर खचतंय, घराला आधार मिळावा.

मुलाने पहिल्या दिवशी वरण-भात, क्रिकेट आणि मोबाइल लिहिलं, दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगी वाचायची, लिहायची नाही. भाऊंची जागा कोरी राहिली.

एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, "अहो, एक तरी लिहा."

भाऊंनी वही मिटली. "काय लिहू? नोकरी गेली म्हणून देवाला थँक्यू म्हणू?"

त्यानंतर सात वाजले की भाऊ घराबाहेर असायचे. चक्कर मारून येतो, म्हणायचे. रविवारी उपासनेनंतर एकाने खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं, देवाने याहून मोठं काहीतरी ठेवलं असणार, तुम्ही आत्ताच आभार मानून टाका. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं. पुढच्या रविवारपासून भाऊ उपासनेला यायचे थांबले.

खरी फूट मात्र सिन्नरच्या एका मुलाखतीनंतर पडली. तिथे भाऊंना घेतलं नाही. पगार परवडणारा नाही, असं सांगितलं. ताई रात्रपाळी करून आल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही मनापासून आभारच मानत नाही, मग देव दार कसं उघडणार?"

हे वाक्य या लेखात यावं, असा आग्रह ताईंनीच धरला. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळ घरांत हे बोललं जातं आणि बाहेर सांगितलं जात नाही.

या वाक्यामुळे आभार हे आगाऊ भरायचं मोल झालं. पुरेसे भरले की नोकरी मिळणार. नाही मिळाली तर भरणाऱ्याने कमी भरलं. बायबलमध्ये ईयोब या सर्वस्व गमावलेल्या नीतिमान माणसाचं पुस्तक आहे. त्यात सुरुवातीलाच सैतान देवापुढे हाच प्रश्न ठेवतो: ईयोब तुझं भय फुकट बाळगतो का? सगळी गोष्ट त्या प्रश्नाभोवती आहे. माणूस देवाला देवासाठी धरतो की मिळकतीसाठी? आणि पुढे ईयोबाचे मित्र जे बोलतात ते ताईंच्या वाक्यापासून फार दूर नाही. त्यांच्या मते ईयोबावर संकट आलंय म्हणजे ईयोबाचंच काहीतरी चुकलंय. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, आणि ईयोबाने मात्र आपल्याविषयी योग्य ते सांगितलं असं म्हणतो. ईयोबाने तर पानोपानी तक्रार केली होती.

घरात आणखी एक धागा गुंतलेला होता. आजींनी मनात देवाला शब्द दिला होता की मुलाला नोकरी लागली की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवू, मंडळीला जेवण घालू. ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यात गोडवा आहे. पण महिने जात होते, आणि आजींच्या लेखी आभाराची तारीख नोकरीच्या तारखेला बांधलेली होती.

पुढे आलेले पर्याय

एका दुपारी स्वयंपाकघरात बसून बोलणं झालं. ताई, आजी, पाळकसाहेब आणि मी. भाऊ अर्ध्यात आले आणि दाराला टेकून उभे राहिले. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, ते बरं झालं.

पहिला पर्याय होता उपक्रम तसाच पुढे न्यायचा. याच्या बाजूने एक खरी गोष्ट आहे. मनात येईल तेव्हाच आभार मानायचे ठरवलं तर महिनोन्महिने मानले जात नाहीत. बायबलमधला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून देवाचे आभार मानत असे, आणि प्रार्थनेवर बंदी आली त्या दिवशीही त्याने तेच केलं. त्या दिवशी त्याला ते सुचलं नव्हतं, ते त्याचं रोजचंच होतं. पण एकवीस दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येणारं गणित विश्वासाने धरण्यासारखं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2010 मध्ये 96 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजची एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. वहीत दोन कोरी पानं राहिली म्हणून स्वतःला अविश्वासू समजणाऱ्या बहिणींना हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरा पर्याय आजींचा: नोकरी लागेपर्यंत थांबू या. पोराला त्रास नको. यात माया होती. पण हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या शेवटी म्हणतो की अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ आलं नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला हे उलगडून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात छाटणी करून, कर्ज काढून फवारण्या करून वाढवलेला घड तोडणीला आला आणि अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात. हबक्कूक तसल्या बागेत उभा आहे. म्हणजे आभार पिकानंतरसाठी राखून ठेवता येत नाहीत. मात्र याच हबक्कूकाचं पुस्तक सुरू होतं ते 'हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस' अशा आक्रोशाने. लोक शेवट पाठ करतात आणि सुरुवात वगळतात. पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा दारातून भाऊंनी मान वर केली.

तिसरा: ताईंनी एकट्याने, गुपचूप करावं. यात वाईट काही नाही, आणि याचा एक भाग पुढे घेतलाही.

चौथा पर्याय मुलीचा होता, तो तिने मला जिन्यात सांगितला. तिने मोबाइलवर वाचलं होतं की चांगल्या गोष्टींची यादी केल्याने माणूस समाधानी होतो. मग देवाला मध्ये कशाला आणायचं, पप्पांना त्याचाच राग येतो. तिचं वाचन खोटं नव्हतं. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी 2003 मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले आणि यादी करणारे लोक त्रासाच्या नोंदी करणाऱ्यांपेक्षा बऱ्या मनःस्थितीत आढळले. पण ख्रिस्ती घरात आभार कुणाला तरी मानले जातात. तो कुणीतरी ऐकतो, आणि त्याच्याशी भांडताही येतं. देवाला बाजूला ठेवलं असतं तर भाऊंना राग व्यक्त करायलाही कुणी उरलं नसतं. मुलीला हे तेव्हा पटलं नाही.

पाचवा पर्याय पाळकसाहेबांनी मांडला. काही काळ या घरात कुणीही कुणाकडून आभार मागायचे नाहीत. आधी बायबलमधली विलापाची, म्हणजे देवापुढे दुःख आणि तक्रार मांडणारी, स्तोत्रं वाचायची. भाऊंना यायचं तर यावं.

काय केलं

पाचवा घेतला, आणि हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. पुष्कळांना तो उलटा वाटेल. आभार शिकवायचे तर रडगाणं कशाला?

पाळकसाहेबांनी स्तोत्र 13 वाचलं. सहा वचनांचं छोटं स्तोत्र. हे परमेश्वरा, कुठवर? हा प्रश्न सुरुवातीलाच चार वेळा येतो. शेवटच्या दोन वचनांत विश्वास आणि गाणं आहे. वाचून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. भाऊ म्हणाले, "साहेब, मी वाचतो. पण शेवटची दोन वाचणार नाही."

"नका वाचू," पाळकसाहेब म्हणाले.

माझ्या मते सगळं वळण इथे आहे. अनेक संध्याकाळी भाऊ चौथ्या वचनावर थांबत आणि शेवटची दोन वचनं आजी पाठ म्हणत. घरातल्या एकाच्या तोंडी आज विश्वासाचे शब्द येत नाहीत, तर दुसऱ्याने ते म्हणावेत, एवढीच ती व्यवस्था. भाऊंवर कुणी नजर ठेवली नाही. सातला बाहेर जाणं थांबलं.

दुसरा निर्णय वहीचा. ती टेबलावरून उठली आणि ताईंच्या पर्समध्ये गेली. तिथे ती चांगली नांदली. ताईंच्या रुग्णालयात एक कॅथलिक सिस्टर आहेत. त्यांनी ताईंना इग्नाटियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताची रीत सांगितली: दिवस संपताना मागे वळून पाहायचं आणि पहिलं काम आभाराचं, आपल्या चुकांकडे त्यानंतर बघायचं. ताईंची मंडळी प्रॉटेस्टंट, पण त्यांनी ही रीत आनंदाने घेतली. पाळी संपल्यावर सिटीलिंकच्या शहर बसमध्ये खिडकीशी बसून त्या दिवस मागून पुढे आठवतात. पाळी कोणतीही असो, घरी परतायची बस असतेच. त्यामुळे हे टिकलं. सातच्या प्रार्थनेला हा आधार नव्हता.

तिसरा निर्णय घरासाठी. नवी वेळ शोधायची नाही, जेवणाची प्रार्थना आहे तीच उघडायची. दोन माणसं ताटावर असली तरी चालेल. ठरलेलं वाक्य म्हणून झालं की ज्याला बोलायचंय त्याने गेल्या चोवीस तासांतली एक गोष्ट देवाला सांगायची. ती तक्रार असली तरी चालेल. कुणी दुरुस्ती करायची नाही, 'पण बघ ना' म्हणायचं नाही, गप्प बसलेल्याला विचारायचं नाही.

आणखी एक बंधन पाळकसाहेबांनी घातलं: दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून आभार मानायचे नाहीत. ताईंना हे जड गेलं. नर्सला रोज आपल्याहून वाईट अवस्थेतली माणसं दिसतात, आणि 'निदान आपले हातपाय तरी धड आहेत' हे तोंडात बसलेलं असतं. पण लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहिलेला परुशीही, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूसही, देवाचे आभारच मानतो. मी इतरांसारखा नाही म्हणून आभार मानतो. येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, हा नव्हे. ताईंनी वाक्य बदललं. एका रात्री त्या म्हणाल्या, "प्रभू, सलाइन लावताना घाबरलेल्या एका आजोबांनी माझा हात धरला, आणि मला घाई नव्हती, त्याबद्दल."

या एका वाक्याने घराला बारकावा शिकवला, असं मला वाटतं. 'आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल, वस्त्राबद्दल' हे खरं असतं, पण त्यात दिवस कुठला ते कळत नाही. हळूहळू पाणी वेळेवर आलं, भौतिकशास्त्राचं एक गणित सुटलं, शेजारच्या काकूंनी शेवग्याच्या शेंगा दिल्या, असं ताटावर येऊ लागलं. तक्रारीही आल्या. मुलाने सांगितलं की वर्गात एकाने 'तुझे पप्पा घरीच असतात का' असं विचारलं. भाऊ तिथेच बसलेले होते. कुणी काही बोललं नाही. त्या रात्री बापलेक गच्चीवर बराच वेळ होते.

भाऊंचं पहिलं वाक्य किराणा दुकानदाराबद्दल होतं. महिनाअखेरीला उधारी वाढली होती आणि दुकानदाराने एकदाही टोकलं नव्हतं. भाऊ दुकानात गेले, पैसे द्यायला नव्हे, ते नव्हतेच. नुसतं सांगायला की तुमचे उपकार लक्षात आहेत. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच त्याच्याकडे परत येतो आणि तोही यहुद्यांच्या लेखी परका, शोमरोनी असतो. त्या गोष्टीत येशू 'बाकीचे नऊ कुठे आहेत' असं विचारतो. आभारासाठी पावलं मागे वळवावी लागतात. पाळकसाहेबांनी हा उतारा नंतर कधीतरी वाचला; भाऊंनी आधीच केलं होतं.

शनिवारी सगळे असले तर स्तोत्र 136. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाला 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद. आजी ओळ म्हणत, बाकीचे पालुपद. मुलाने स्वतःच्या ओळी जोडायला सुरुवात केली. ज्याने मम्मीला रात्रपाळीतून सुखरूप आणलं, त्याची दया सनातन आहे. ज्याने शरणपूरला आणलं, त्याची दया सनातन आहे. ही दुसरी ओळ आजींच्या गोष्टींमधून आली. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला आणून शिकवलं. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि त्याच्या मृतदेहासोबत 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. नातवाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असे. आपण ज्या मंडळीत बसतो तिच्या मुळाशी साखळदंडातून सुटलेली मुलं आहेत, हे कळल्यावर त्याचं वरण-भात-क्रिकेट मागे पडलं.

आजींच्या सभेचा प्रश्न

हंगामाचा सण जवळ आला. आपल्या मंडळ्यांत त्या दिवशी लोक धान्य, भाज्या, नारळ, कोंबड्या देवापुढे आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. आजींना वाटत होतं की या वर्षी आपण काही आणायचं नाही. दिलेला शब्द नोकरीनंतरचा आहे.

इथे बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायाने मदत केली. पहिल्या पिकाची टोपली याजकासमोर आणणाऱ्या इस्राएली माणसाने काय म्हणायचं हे त्या अध्यायात लिहून दिलेलं आहे. तो टोपलीबद्दल शेवटी बोलतो. आधी सांगतो की आमचा मूळपुरुष निराधार होता, मिसरात (इजिप्तमध्ये) आम्हाला जाचलं, कष्टाला जुंपलं, आम्ही देवाकडे ओरडलो, त्याने आमचं दुःख पाहिलं. म्हणजे जाच हा आभाराच्या वाक्यातच बसवलेला आहे. भाऊंना हे पटलं. "मग माझी पण टोपली अर्धीच गोष्ट सांगेल," ते म्हणाले, "ओरडलो इथपर्यंत."

आजींनी गॅलरीत जुन्या टबमध्ये मेथी लावली होती. तिची एक जुडी घेऊन भाऊ कित्येक आठवड्यांनी देवळात आले. साक्षीच्या वेळी उभे राहिले आणि थोडंच बोलले: नोकरी गेली, अजून लागलेली नाही, देवाशी मी भांडतोय, उधारीवर घर चाललंय आणि चालवणारी माणसं देवाने दिली आहेत, ही आईने लावलेली मेथी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळकसाहेबांनी पुढचं गीत लगेच सुरू केलं नाही, थोडा वेळ जाऊ दिला. लिलावात मेथीची जुडी एका वडीलधाऱ्या बाईंनी घेतली आणि घरी अशी मेथी लावायला काय करावं ते आजींकडून समजून घेतलं.

निष्पत्ती

भाऊंना नंतर गोंदे भागातल्या एका कारखान्यात देखभालीचं काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, प्रवास जास्त. नोकरी लागल्याबद्दल घरी सभा झाली, आजींचा शब्द पूर्ण झाला. सभेत एकाने म्हटलं की बघा, आभार मानले आणि देवाने दिलं. भाऊंनी तिथेच नम्रपणे सांगितलं, "नसतं दिलं तरी आम्ही जेवणाआधी बोलत राहिलो असतो." ताई मान खाली घालून हसल्या.

सगळं सरळ झालेलं नाही. मुलगी अजून ताटावर बोलत नाही. तिच्यासाठी नियम तोच, विचारायचं नाही. मुलाचं मध्ये महिनाभर लक्ष उडालं आणि परत आलं. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातली सवय पातळ होते. ताईंच्या वॉर्डात एक लहान मूल गेलं त्या आठवड्यात त्यांना आभाराचा एक शब्द सुचला नाही. तेव्हा स्तोत्र 13 त्यांनी वाचलं, चौथ्या वचनापर्यंत, आणि पुढची दोन वचनं भाऊंनी म्हटली.

वेगळं काय करता आलं असतं

मंडळीने पैशाचं आधी विचारायला हवं होतं. याकोबाच्या पत्रात उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणून रिकाम्या हाती पाठवण्याबद्दल कडक शब्द आहेत. भाऊंना आभार मानायला सांगणारे पुष्कळ होते; क्लासच्या फीचं काय झालं, हे बराच काळ कुणी विचारलं नाही. मंडळीच्या मदतनिधीतून फीचा एक हप्ता भरला गेला तो हंगामाच्या सणानंतर. तो पहिल्या महिन्यात जायला हवा होता.

भाऊंची झोप गेली होती, जेवण कमी झालं होतं, ते तासन्‌तास एकटे बसत. ताई नर्स असून त्यांनाही हा घरचाच ताप वाटला. नोकरी गेलेल्या माणसात अशी लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरकडे नेणं हे प्रार्थनेच्या विरोधात जात नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर असावा, असं मी ठामपणे म्हणेन.

साक्षीच्या वेळेबद्दलही विचार व्हावा. आपल्या साक्षींमध्ये बहुधा सुटलेली अडचणच सांगितली जाते. अजून अडचणीतच असलेल्यांना बोलायला जागा नसते, आणि मग ती माणसं देवळात यायचीच थांबतात. पाळकसाहेबांनी आता महिन्यातून एका रविवारी साक्षीआधी विलापाचं एक स्तोत्र वाचायला सुरुवात केली आहे. मंडळीतल्या काही वडिलांना ते अजून रुचलेलं नाही; त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

महिला मंडळाने उपक्रम बंद केला नाही, बदलला. वही आता ज्या बहिणीला हवी तिलाच दिली जाते आणि ती तिची खासगी असते. एकवीस दिवसांचा आकडा काढला. तीन उपकारांऐवजी एकच, पण त्यात जागा, माणूस किंवा वेळ यायला हवी. डावं पान तक्रारीसाठी कोरं ठेवलं आहे. पहिल्या पानावर थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन आहेच. त्याच्याखाली आता स्तोत्र 13 पूर्ण छापलं आहे, सहाही वचनं.